उपडा सेनापती

आमच्या घरात इंग्रज कायम मीच. भाऊ शिंद्यांकडून लढायचा आणि कुणीतरी इंग्रज झाल्याशिवाय लढाई होत नाही, म्हणून ते काम धाकट्या बहिणीच्या गळ्यात पडलं. पन्नास वर्षं मी असईच्या मैदानावर परक्यांच्या बाजूने लढते आहे आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. लाज वाटते ती एकाच चालीची. ती यंदाच्या संक्रांतीनंतरची आहे. मी ती चाल केली तेव्हा भाऊ माझ्या शेजारीच चाकाच्या खुर्चीत बसला होता आणि त्याला पहूरच्या घरातून हलवायचा दिवस ठरलेला होता. सोमवारी जळगावहून गाडी येणार होती.

भाऊ सत्तरीचा. गेल्या श्रावणात त्याला पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर भेटायला जो येई तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून मोठ्याने ओरडे, ‘काय आबा, ओळखलं का?’ भाऊ नुसता बघत राही. मग तो पाहुणा दाराबाहेर येऊन चहा पिता पिता म्हणे, लहान मूल झालंय बघा त्यांचं, काही समजत नाही. हे वाक्य घरात इतक्या वेळा बोललं गेलं की डिसेंबरपर्यंत ते खरंच होऊन बसलं. आणि एकदा माणसाला समजत नाही असं ठरलं की त्याला विचारायचं काही उरत नाही. कुठे ठेवायचं हेसुद्धा.

हे मी रागाने लिहिते आहे. तो राग लपवायची मला गरज वाटत नाही.

पण आधी ती लढाई सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. भाऊ धुळ्याला कॉलेजात होता. त्याच्या खोलीशेजारी सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहायचे. ते जमिनीवर शेंगांची फोलं मांडून जुन्या लढाया समजावून सांगत. एका दिवाळीच्या सुट्टीत भाऊ घरी आला तो सिमेंटच्या पिशव्यांचा जाड कागद चिकटवून केलेला नकाशा घेऊनच. त्यावर सहा कोनी घरं आखलेली होती, पोळ्यात असतात तशी. त्या घरांवरून दोन निळ्या नद्या जात होत्या, केळणा आणि जुई, आणि त्यांच्या बेचक्यात असई. हे असई आमच्यापासून तसं लांब नाही. अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे उतरलं की तोच मुलूख. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तिथे शिंद्यांच्या पलटणी हरल्या. भाऊला ते सहन होत नसे. जणू कालच हरल्या आणि त्याला कुणी बोलावलंच नाही, अशा आवाजात तो बोलायचा.

सोंगट्या त्याने घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या कापल्या होत्या. कोऱ्या बाजूला रंग दिला, इंग्रजांना लाल आणि शिंद्यांना हळदीचा पिवळा. एखादी सोंगटी उपडी झाली की पाठीवर कुणाच्यातरी नावाचं अर्धं अक्षर नाहीतर गणपतीचा कान दिसे. प्रत्येक बाजूला एक सेनापती होता. तो जरा मोठा कापलेला.

असईला भाऊ एसटीने एकटाच जाऊन आला होता. मला न्यायला वडील तयार नव्हते. परत आल्यावर त्याने नकाशावर बोट ठेवलं.

“इंग्रज इथून उतरला. दोन गावं समोरासमोर, अन् मधी नदी. त्याले वाटाड्यांनी सांगतलं का नदी पायी ओलांडाले उतार नाही. तो म्हने, समोरासमोर गावं हायेत म्हन्जे उतार असनच.”

मी म्हटलं, “त्यात काय एवढं? एका गावची लेक दुसऱ्या गावात दिलेली असन. मग जायला वाट नको?”

भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “हेच! शिंद्याच्या फौजेत आपल्याकडली एक बाई असती ना, तं उतारावर पहारा बसला असता.”

त्या दिवसापासून मला खेळात घेतलं गेलं. तोवर मी फक्त फासा शोधून द्यायची, कारण तो दर दोन चालींनी धान्याच्या कणगीखाली जायचा.

आता त्या नियमाची गोष्ट. मी नववीत होते. वर्गात माझा नंबर घसरला होता, घरी बोलणी खाऊन मी फुगून बसले होते, आणि मला बरं वाटावं म्हणून भाऊने आपल्या तोफा उघड्या टाकल्या. त्यांच्यापुढून पायदळ काढून घेतलं आणि भलतीकडे बघत शीळ घालू लागला. मला कळलं. मी माझा इंग्रज सेनापती उचलला आणि उपडा घातला.

“हे काय?” तो म्हणाला.

“चाल वापस घे. मले भीक नको.”

“काहून? जिंकू राह्यली ना तू.”

“तू हरू राह्यला म्हनून जिंकू राह्यली.”

आमचा आवाज चढला तशी आई आतून आली आणि तिने अख्खा नकाशा सोंगट्यांसकट गुंडाळून माळ्यावर टाकला. घरातलं भांडण मिटवायची तिची ती रीत होती. आठ दिवसांनी नकाशा खाली आला तेव्हा आम्ही नियमच करून टाकला. समोरचा दया करतोय असं ज्याला दिसेल त्याने आपला सेनापती उपडा घालायचा. तोंडातून एक शब्द काढायचा नाही, नाहीतर आई येते. समोरच्याने मुकाट्याने चाल परत घ्यायची, मग सेनापती सरळ करायचा आणि खेळ पुढे. आमच्या दोघांशिवाय हे जगात कुणाला माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कुणाला काही कारणही नव्हतं.

पुढे माझं लग्न झालं, मी भुसावळला आले, शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाले. यजमान गेले. भाऊने केळी आणि कापूस केला, मुलगा वाढवला, बायको गमावली. सिमेंटच्या कागदाचा नकाशा उंदरांनी खाल्ला. आणि सात-आठ वर्षांपूर्वी एका रविवारी भाऊचा फोन आला. तो इतका उत्तेजित झाला होता की मला वाटलं घरात कुणाला मुलगाच झाला.

“कॉम्प्युटरवर असई सापडली!”

परदेशातल्या कुणा हौशी माणसाने त्याच लढाईचा पटावरचा खेळ बनवला होता, आणि तो पट कॉम्प्युटरवर मांडता येत होता. पलीकडे मी भुसावळला, अलीकडे तो पहूरला, मधे इंटरनेट. हा काही धडाम-धुडुमचा खेळ नव्हे. स्क्रीनवर नुसता नकाशा आणि चौकोनी सोंगट्या. माऊसने उचलायच्या, ठेवायच्या, उपड्या करायच्या. फाशाचं बटण दाबलं की आकडा येतो. नियम कॉम्प्युटरला माहीतच नसतात, ते खेळणाऱ्यांनी पाळायचे. भाऊला हे फार आवडलं. तो म्हणायचा, यंत्र मधे बोलत नाही हे बरं.

नकाशा बघून मात्र त्याचं डोकं फिरलं. जुईला बनवणाऱ्याने नाल्याएवढी करून टाकली होती. शिवाय नियमांच्या पुस्तकात मराठा पलटणींचं मनोधैर्य इंग्रजांपेक्षा दोनाने कमी धरलेलं. भाऊ फोनवर कडाडला, “हा कोन मोजनारा? यानं काय त्यायची नाडी पाह्यली होती?” आम्ही तो आकडा खोडला आणि दोन्हीकडे सारखा केला. परदेशी माणसाला त्याचा पत्ताही नाही. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही बसायचो. कधी तो जिंके, कधी मी. दया कुणीच करत नव्हतं. म्हातारपणी आम्ही दोघंही बरेच निर्दय झालो होतो.

तर मग श्रावण, आणि पॅरालिसिस.

मी आधी अधूनमधून जाऊन येत होते. संक्रांतीच्या आधी भाचा फोनवर म्हणाला की त्याने जळगावला एक जागा बघितली आहे, आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणारी. भाऊचा तो एकुलता एक मुलगा. रोज पहूरहून जळगावला कंपनीत जातो आणि अंधार पडता परत येतो. त्याला मी वाईट म्हणणार नाही. सून धुळ्याकडची, अंगाने किरकोळ. पाच महिने सासऱ्याला उचलून बसवता-निजवता तिची कंबर धरली होती. भाच्याची अडचण खरी होती. मला चीड आली ती त्याच्या पुढच्या वाक्याची.

“तसंही आत्या, आबांना आता काही समजत नाही. इथे काय, तिथे काय.”

मी भुसावळच्या घराला कुलूप घातलं, जामनेरमार्गे एसटी धरली आणि पहूरला येऊन बसले.

आता कबूल करायचं ते करते. मी आल्या आल्या भाऊच्या पुढ्यात टाळी वाजवली आणि ओरडले, “भाऊ, जेवला का रे? छान, छान!” मी. पस्तीस वर्षं शाळेत मुलांना सांगितलं की ओरडून काही समजत नसतं. भाऊने मान फिरवली. मला वाटलं, दमला असेल.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, निव्वळ वेळ जावा म्हणून मी मागच्या खोलीतला कॉम्प्युटर लावला. माऊस त्याच्या डाव्या हाताखाली सरकवला. पाच महिने तो हात फक्त पांघरूण चाचपत होता. स्क्रीनवर असई उघडली तशी भाऊच्या घशातून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. पण बाण हलला. थांबत, अडखळत, चुकून परत येत त्याने पिवळी पलटण उचलली आणि उतारावर नेऊन ठेवली. पहिली चाल नेहमीची, पहारा उतारावर.

मला रडू आलं. मी रडले, आणि माझी अक्कल तिथेच गेली. कारण त्यानंतर मी त्याला सांभाळून घ्यायला लागले. ‘वा, शाब्बास, आता माझी पाळी हं,’ असं मी त्याच्याशी बोलत होते, पहिलीच्या मुलाशी बोलावं तसं. पाच-सहा चाली झाल्या. त्याच्या हाताला जमलं नाही म्हणून असेल, त्याच्या तोफांची डावी बाजू उघडी पडली. माझं घोडदळ दोन घरांवर होतं. एरवी मी क्षणभर थांबले नसते. पण मी घोडदळ मागे घेतलं आणि सामानाच्या गाड्यांशेजारी नेऊन उभं केलं. हीच ती चाल.

भाऊ बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग बाण हळूहळू त्याच्याच सेनापतीवर गेला. बटण दाबलं गेलं आणि पिवळा सेनापती उपडा झाला.

भाचा दारात चहाचा पेला घेऊन उभा होता. शनिवारची त्याला अर्धी सुट्टी. त्याला हा खेळ थोडाफार येत होता. तो कॉलेजात असताना भाऊने त्याला शिकवायचा प्रयत्न केला होता, पण त्याच्याशी खेळताना भाऊने कधी गय केली नाही, सगळ्या डावांत हरवलं, आणि पोराने नाद सोडला. खेळाच्या पुस्तकाप्रमाणे सोंगटी उपडी म्हणजे तिची निम्मी ताकद गेली.

“बघा,” तो हळूच म्हणाला. “स्वतःचाच सेनापती निम्मा मारला. आत्या, त्यांना त्रास कशाला देता?”

मीही तेच समजले. म्हटलं, बोट चुकलं. मी माऊस घेतला आणि सेनापती सरळ केला. भाऊने माऊस ओढला आणि पुन्हा उपडा केला. मी पुन्हा सरळ केला. तिसऱ्यांदा त्याने तो उपडा केला आणि आपला डावा हात माझ्या हातावर ठेवला, मी काही करू नये म्हणून. दाबून ठेवला. त्या हातात चांगला जोर होता.

मी त्याच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा नीट पाहिलं. तो माझ्यावर भयंकर चिडलेला होता.

नववीतली मी मला आठवले. सगळं आठवलं. तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर आई येते.

मी घोडदळ उचललं, मूळ जागी ठेवलं आणि तिथून सरळ त्याच्या तोफांवर घातलं. भाऊने सेनापती सरळ केला. त्याचा श्वास शांत झाला. फासा माझ्या बाजूने पडला, त्याच्या तोफा गेल्या, आणि गेल्या त्याचं त्याला दुःख झालेलं दिसलं. व्हायलाच हवं होतं. मला इतका आनंद झाला की मी उठून भाच्याचा हात धरला आणि त्याला अंगणात ओढत नेलं.

मी त्याला सगळं सांगितलं. लग्नपत्रिका, माळा, आजीची रीत, सगळं. त्याने नीट ऐकून घेतलं, आणि मग म्हणाला, “आत्या, तुम्हाला तसं वाटतंय. माणसाला वाटतं.”

सून ओट्यावर भांडी घासत होती. ती मान वर न करता तिच्या अहिराणीत म्हणाली, “आबासले बठ्ठं समजस. मी सांगस ते कोन आयकस?”

आबांना सगळं समजतं, म्हणत होती ती. भाचा तिच्याकडे वळला. “तुझी कंबर...”

“कंबर दुखस ते खरं शे. त्यासले समजत नही, हाई मी कधी म्हने?”

मी ती संधी सोडली नाही. म्हटलं, “उद्या रविवार आहे. तू बस त्याच्यासमोर. इंग्रज तू. मी खोलीत पाऊल टाकणार नाही. मनापासून खेळ, आणि मधेच एखादी चाल मुद्दाम कच्ची कर. कधी करणार ते मला सांगू नको, त्याला सांगू नको, तोंडावर दिसू देऊ नको. बघ काय होतं.”

“आणि काही झालं नाही तर?”

“तर सोमवारी गाडीत त्याची पिशवी मी स्वतः ठेवीन.”

बोलून गेले. आज तो दमला नव्हता. उद्या दमलेला असला तर? उद्या हात चालला नाही तर? मी कुणाच्या जिवावर पैज लावून आले होते? पण बोललेलं मागे घ्यायची माझी सवय नाही, आणि त्या घरात दुसरं कुणी काही लावायला तयारही नव्हतं.

रविवारी दुपारी भाचा आत जाऊन बसला. मी आणि सून मागच्या अंगणात गेलो. भरिताची वांगी आणली होती. पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ केला आणि त्यावर वांगी भाजायला टाकली. कापसाच्या वाळल्या काड्या भराभर पेटतात, सारखं लक्ष द्यावं लागतं, हे बरं होतं. आतून काही ऐकू येत नव्हतं. मी एक वांगं फिरवायचं विसरले आणि त्याची एक बाजू कोळसा झाली. सुनेने ते माझ्या हातून घेतलं. एकदा फक्त म्हणाली, “व्हई बठ्ठं बराबर, आत्याबाई.” आणि आपल्याच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

भाचा बाहेर आला तेव्हा वांगी सोलून झाली होती. तो नळावर गेला, तोंड धुतलं, धुतच राहिला. मग पायरीवर बसला.

“तीन चाली नीट खेळलो,” तो म्हणाला. “चौथीला पायदळ उगाच मागे घेतलं.”

“मग?”

“उपडा केला.” त्याने हातरुमाल शोधला, सापडला नाही, बाहीने तोंड पुसलं. “मला वाटलं, योगायोग. मी चाल परत घेतली. त्यांनी सरळ केला. मग दोन चाली नीट खेळलो. त्यातली एक खरंच चुकली माझी, मला खेळ कुठे येतो. त्या चुकीला त्यांनी सेनापती उपडा केला नाही. सरळ माझी पलटण मारली. मग मी पुन्हा मुद्दाम केलं, अगदी बारीक, कुणाला कळणार नाही असं. पुन्हा उपडा.”

सून आत निघून गेली. मला तिचं तोंड दिसलं नाही.

“आत्या, मी पाच महिने त्यांच्यासमोर उभा राहून सगळं बोललो,” भाचा म्हणाला. “फोनवर त्या जागेची चौकशी त्यांच्या खाटेशेजारी बसून केली.”

त्याला मी काय सांगणार होते? टाळी तर मीही वाजवली होती. म्हटलं, “ऊठ. मला सांगून काय उपयोग? त्याला सांग.”

आम्ही आत गेलो. भाऊ स्क्रीनसमोर होता. त्याचा पिवळा सेनापती सरळ उभा होता, भाच्याची लाल फौज निम्मी झालेली होती. भाचा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला आणि बोलायला लागला. साध्या आवाजात. ओरडला नाही. पाच महिन्यांत भाऊशी कुणी साध्या आवाजात बोललं नव्हतं.

“आबा, उद्या जळगावहून गाडी येणार आहे. तिथे तुमची चांगली काळजी घेतील असं वाटलं म्हणून मी ठरवलं. हिची कंबर गेली, मला वेळ नाही, म्हणून ठरवलं. तुम्हाला विचारलं नाही. आता विचारतो. जायचं का?”

भाऊ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान स्क्रीनकडे वळवली. डावा हात माऊसवर गेला. बाण निघाला, नदी ओलांडून भलतीकडेच गेला, परत आला, असईवरून घसरला, पुन्हा वर चढला. मला वाटत होतं आपणच माऊस धरावा. धरला नाही. बाण पिवळ्या सेनापतीवर थांबला आणि सेनापती उपडा झाला.

खोलीत कुणी काही बोललं नाही. नियमच तसा आहे.

भाच्याने खिशातून फोन काढला आणि तिथेच, भाऊच्या समोर, जळगावला लावला. गाडी नको म्हणून सांगितलं. पलीकडून काही विचारलं असावं, कारण तो म्हणाला, “नाही, त्यांनी सांगितलं.” एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

मग खरे प्रश्न उरलेच होते. उचलणार कोण, निजवणार कोण? मी म्हटलं, भुसावळच्या घराला कुलूप आहे ते असू दे. मी पासष्टीची आहे, पण माझी कंबर शाबूत आहे, आणि दोघींनी मिळून उचललं तर एकटीला जड जाणार नाही. सकाळच्या कामाला गावातला एक माणूस बघू. सून म्हणाली, बघू नका, मी बघून ठेवला आहे. तिने खरंच महिन्यापूर्वीच बघून ठेवला होता. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

बोलणं चालू असताना स्क्रीनवर हालचाल दिसली. भाऊने सेनापती सरळ केला होता. त्याने भाच्याला डाव्या हाताने बाजूला सारलं, डास हाकलावा तसं, आणि माझ्याकडे बोट केलं. मग त्या खुर्चीकडे.

मी बसले. भाच्याची निम्मी उरलेली फौज मला आयती मिळाली. म्हटलं, हरकत नाही, याहून वाईट फौजा घेऊन लढले आहे. मी घोडदळ पुढे काढलं, पायदळ सरकवलं, जीव तोडून खेळले. दया-माया काही नाही. चार चालींनंतर भाऊचा बाण उतारावर गेला. तिथल्या पहाऱ्याच्या पलटणी त्याने उचलल्या, नदी ओलांडली आणि माझ्या सामानाच्या गाड्यांसमोर नेऊन उभ्या केल्या. गाड्यांवर पहारा नव्हता. शिंद्यांकडचा माणूस उलटा नदी उतरून येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतक्या वर्षांत तो तिथून कधी हललाच नव्हता.

फासा टाकायच्या आधी भाऊ थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा बाण सेनापतीजवळ घुटमळायला लागला. ही आपल्याला सोडून देते आहे की काय, असा त्याला संशय आला होता.

“नाही रे भाऊ,” मी म्हटलं. “आईशप्पथ, खरंच विसरले.”

त्याने माझा चेहरा नीट तपासला. मग बाण फिरवला आणि फासा टाकला.